शब्बाथची आज्ञा: विश्रांती कोणाची?

रविवारी कोणते काम केले असता पाप लागते, हा प्रश्न धर्मगुरूंना आजही वारंवार विचारला जातो. वाडीला पाणी सोडले तर चालेल काय? दुकान दुपारपर्यंत उघडे ठेवले तर? मिस्सा झाल्यावर शिवणयंत्रावर बसले तर? विचारणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असतो. आपल्या हातून देवाची आज्ञा मोडली जाऊ नये, अशी त्याची कळकळ असते. परंतु या प्रश्नात एक गोष्ट नकळत गृहीत धरलेली असते. आज्ञा फक्त माझ्या दोन हातांपुरती आहे आणि माझे हात थांबले की आज्ञा पाळली गेली, असे आपण मानून चालतो.

बायबल उघडून मूळ आज्ञा वाचली म्हणजे आपण चकित होतो. तेथे घरधन्याच्या विश्रांतीविषयी थोडे आणि त्याच्यासाठी राबणाऱ्यांच्या विश्रांतीविषयी पुष्कळ लिहिले आहे. यहुदी समाजाने ही आज्ञा हजारो वर्षे प्राणपणाने जपली. तिचा मूळ अर्थ काय, ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली आणि आजच्या आपल्या घरांना, दुकानांना व संस्थांना ती काय विचारते, हे या लेखात पाहू या.

आज्ञेचे दोन पाठ

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. एकदा निर्गमच्या पुस्तकात (२०:१-१७) आणि पुन्हा अनुवादाच्या पुस्तकात (५:६-२१). शब्बाथची आज्ञा आपल्या कॅथलिक गणनेनुसार तिसरी, तर यहुदी परंपरेनुसार चौथी आहे. सहा दिवस काम करावे आणि सातवा दिवस परमेश्वराचा मानून त्या दिवशी काम करू नये, हा गाभा दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. विश्रांती कोणाकोणाला मिळाली पाहिजे याची यादीही दोन्हीकडे आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादाच्या पुस्तकात बैल आणि गाढव यांचाही मुद्दाम उल्लेख केलेला आहे.

आज्ञेमागचे कारण मात्र दोन ठिकाणी वेगवेगळे दिले आहे. निर्गममध्ये सृष्टीच्या निर्मितीकडे बोट दाखवले आहे. परमेश्वराने सहा दिवसांत विश्व घडवले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून मनुष्यानेही थांबावे. अनुवादात गुलामगिरीची आठवण करून दिली आहे. तू इजिप्तमध्ये दास होतास आणि परमेश्वराने तुला तेथून बाहेर काढले, हे विसरू नकोस, असे तेथे बजावले आहे. बाराव्या शतकातील थोर यहुदी विचारवंत मायमोनिडीस यांनी ही दोन्ही कारणे शेजारी ठेवून त्यांचा विचार केला. पहिले कारण आपल्याला देवाविषयी सत्य सांगते आणि दुसरे कारण देवाने आपल्यावर केलेल्या उपकाराची जाणीव देते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

दुसऱ्या कारणाकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. रविवार हा उपासनेचा दिवस आहे हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. पण तो मुक्त झालेल्या गुलामांचा दिवस आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

फारोची तक्रार

गुलामगिरीतील श्रमाचे वर्णन निर्गमच्या पाचव्या अध्यायात आहे. इस्राएली लोक फारोसाठी विटा पाडत होते. मोशे आणि अहरोन फारोकडे गेले आणि लोकांना अरण्यात जाऊन परमेश्वराचा सण पाळू द्यावा, अशी त्यांनी विनंती केली. फारोला त्यात धर्म दिसला नाही, कामचुकारपणा दिसला. तुम्ही या लोकांना कामावरून थांबवता, असे त्याने मोशेला सुनावले. मूळ हिब्रू भाषेत फारोच्या तोंडी जे क्रियापद आहे, ते 'शब्बाथ' या शब्दाच्याच धातूपासून बनलेले आहे. म्हणजे सिनाय पर्वतावर आज्ञा मिळण्याआधीच मजुरांच्या विश्रांतीला विरोध करणारा आवाज बायबलमध्ये ऐकू येतो आणि तो आवाज फारोचा आहे.

मग फारोने काय केले? विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले. पेंढा मजुरांनीच शोधून आणायचा, पण विटांची रोजची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरली पाहिजे, असा हुकूम निघाला. संख्या भरली नाही म्हणून इस्राएली मुकादमांना फटके बसले. ते गाऱ्हाणे घेऊन गेले, तेव्हा फारोचे उत्तर एकच होते: तुम्ही आळशी झाला आहात.

ज्यांच्या पाठीवर हे वळ उठले होते त्यांना पुढे देवाने शब्बाथ दिला. तुम्ही आता स्वतःच्या घराचे व शेताचे मालक व्हाल, तुमच्या हाताखाली माणसे असतील, तेव्हा फारोसारखे वागू नका, हा त्या आज्ञेतील इशारा आहे. शब्बाथ ही मालकाला घातलेली मर्यादा आहे.

दोन हिब्रू शब्द

या आज्ञेचे मर्म दोन शब्दांत साठवलेले आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना हिब्रू येत नाही. तरीही हे दोन शब्द प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आम्हांला वाटते.

पहिला शब्द 'कामोखा'. त्याचा अर्थ 'तुझ्यासारखा'. अनुवाद ५:१४ मध्ये दासाला आणि दासीला घरधन्यासारखीच विश्रांती मिळावी असे म्हटले आहे आणि तेथे हा शब्द वापरला आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी सुप्रसिद्ध आज्ञा आहे (१९:१८), तिच्यातही हाच शब्द आहे. त्याच अध्यायात पुढे परक्यावरही तशीच प्रीती करावी असे सांगितले आहे (१९:३४). तेथेही हाच शब्द येतो. शेजारप्रीती म्हणजे काय, असा प्रश्न पडला तर शब्बाथची आज्ञा त्याचे एक अगदी मोजता येण्याजोगे उत्तर देते. तुला जेवढा विसावा, तेवढाच तुझ्याकडे काम करणाऱ्याला.

दुसरा शब्द 'नेफेश'. त्याचे अर्थ अनेक आहेत. गळा, श्वास, प्राण, जीव. या शब्दाशी नाते सांगणारे एक क्रियापद हिब्रू बायबलमध्ये केवळ तीन ठिकाणी येते. दमलेल्या जिवाने श्वास घेणे, जिवात जीव येणे, असा त्याचा भाव आहे. एके ठिकाणी ते पळून थकलेल्या दावीद राजाविषयी आहे (२ शमुवेल १६:१४). दुसऱ्या ठिकाणी ते खुद्द परमेश्वराविषयी आहे. सृष्टी घडवून झाल्यावर त्याने विसावा घेतला, असे सांगताना ते योजले आहे (निर्गम ३१:१७). आणि तिसऱ्या ठिकाणी ते कोणाविषयी आहे? दासीच्या मुलाविषयी आणि परक्याविषयी (निर्गम २३:१२)! जो विसावा सृष्टिकर्त्याने घेतला तोच विसावा दासीच्या मुलाच्या वाट्याला यावा, असे सांगणारा हा शब्द आहे. त्या काळच्या समाजात दासीच्या मुलापेक्षा खालच्या पायरीवर कोणी उभे नव्हते.

विसावा आणि भाकर

विश्रांतीची आज्ञा दिली, पण त्या दिवशी खायचे काय? हातावर पोट असलेल्या माणसाला पडणारा हा पहिला प्रश्न. बायबलने तो टाळलेला नाही. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची कथा आहे. अरण्यात लोकांना रोजच्यापुरताच मान्ना मिळे. साठवून ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मान्ना मिळे आणि तो दुसऱ्या दिवशीही चांगला राही. म्हणजे सातव्या दिवसाची भाकर सहाव्या दिवशीच हातात पडत असे.

आजच्या भाषेत सांगायचे तर देवाने दिलेली सुट्टी बिनपगारी नव्हती. ज्या सुट्टीमुळे मजुराच्या चुलीवर भांडे चढत नाही, ती सुट्टी बायबलच्या अर्थाने शब्बाथ नव्हे. ती फक्त एक दिवसाची बेकारी.

आज्ञेने शेतीच्या हंगामाचीही सबब ऐकून घेतलेली नाही. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबावे, असे निर्गम ३४:२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. काम जास्त आहे म्हणून विश्रांती नाही, असे म्हणण्याची मोकळीक मालकाला ठेवलेली नाही.

माणसाचा लोभ मात्र पळवाटा शोधतच राहिला. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात आमोस संदेष्ट्याने व्यापाऱ्यांना खडसावले. हे व्यापारी शब्बाथच्या दिवशी दुकान बंद ठेवत, पण हा दिवस केव्हा एकदा मावळतो आणि धान्य केव्हा विकता येते, याकडे त्यांचा डोळा असे. त्यांचे माप लहान होते, तराजू खोटा होता आणि गव्हाबरोबर ते भुसाही विकत (आमोस ८:४-६). दिवस पाळला होता, आज्ञा पाळली नव्हती. पुढे पाचव्या शतकात नहेम्याला येरुशलेममध्ये शब्बाथच्या दिवशी द्राक्षे तुडवली जाताना, गाढवांवर ओझी लादली जाताना आणि सोर शहराचे व्यापारी मासळी विकताना दिसले. तेव्हा त्याने शब्बाथ सुरू होण्याआधीच वेशीचे दरवाजे बंद करवले (नहेम्या १३:१५-२२).

शास्त्रींचे कुंपण आणि प्रभू येशू

'काम' म्हणजे नेमके काय, हे बायबलमध्ये सविस्तर सांगितलेले नाही. यहुदी शास्त्रींनी, म्हणजे रब्बींनी, त्याचा बारकाईने विचार केला. इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात शब्बाथच्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे एकोणचाळीस प्रकार दिलेले आहेत. पेरणी, नांगरणी, कापणी, दळणे, भाजणे, विणणे, शिवणे, लिहिणे, विस्तव पेटवणे इत्यादी. ही यादी वाचून कोणी हसण्याची शक्यता आहे. परंतु रब्बींनी आणखी एक नियम केला, तो अवश्य पाहण्यासारखा आहे. शब्बाथच्या दिवशी आपल्याला वर्ज्य असलेले काम परधर्मीय माणसाला सांगून करून घेणे, हेही त्यांनी सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरवले. मी थांबतो आणि माझे काम दुसऱ्याच्या पाठीवर टाकतो, ही पळवाट त्यांनी ओळखली आणि बुजवली.

त्याचबरोबर माणसाचा जीव धोक्यात असेल, तर शब्बाथचे नियम बाजूला ठेवून तो वाचवलाच पाहिजे, असाही त्यांचा ठाम निर्णय आहे. या तत्त्वाला 'पिकुआख नेफेश' म्हणतात. 'नेफेश' हा शब्द येथे पुन्हा भेटतो. या विचाराची सुरुवात मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात दिसते. शब्बाथच्या दिवशी हल्ला झाला असता सुमारे एक हजार यहुद्यांनी प्रतिकार न करता मरण पत्करले. त्यानंतर मत्तथ्या व त्याच्या साथीदारांनी यापुढे शब्बाथच्या दिवशीही स्वसंरक्षण करायचे, असे ठरवले (१ मक्काबी २:२९-४१).

प्रभू येशूच्या शब्बाथविषयीच्या वादांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. प्रभूने शब्बाथ मोडीत काढला, असे कधी कधी आपल्या प्रवचनांतूनही ऐकू येते. ते बरोबर नाही. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथसाठी नव्हे, अशा अर्थाचे त्याचे वचन मार्कच्या शुभवर्तमानात आहे (२:२७). याच अर्थाचा विचार एका रब्बीच्या नावाने यहुदी ग्रंथांतही नोंदलेला आहे. प्रभू येशू यहुदी परंपरेच्या आत उभा राहून, आज्ञेच्या मूळ हेतूकडे लोकांना परत नेत होता. अठरा वर्षे कुबड घेऊन वावरणाऱ्या स्त्रीला त्याने शब्बाथच्या दिवशी बरे केले, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. प्रभूने त्याला आठवण करून दिली, की तुम्ही या दिवशी बैलाला आणि गाढवाला दावणीवरून सोडून पाण्यावर नेता (लूक १३:१०-१७). मग या स्त्रीचे बंधन सोडू नये काय? बैल, गाढव आणि बंधनातून सुटका, हे सारे शब्बाथच्या आज्ञेतच आहे. प्रभूने त्या आज्ञेचा गाभाच कृतीत आणून दाखवला.

कोकणातील शनिवार तेली

ही आज्ञा आपल्या महाराष्ट्राच्या मातीत फार पूर्वी येऊन पोहोचली होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि वाचलेली मोजकी माणसे तेथेच वसली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. रायगड जिल्ह्यातील गावांत हा समाज पिढ्यान् पिढ्या राहिला. त्यांनी मराठी ही मातृभाषा मानली, गावांवरून नवगावकर, किहीमकर, पेझारकर अशी आडनावे घेतली आणि तेलाचे घाणे चालवून उपजीविका केली.

ग्रंथ आणि धर्मगुरू यांच्यापासून दूर राहिलेल्या या समाजाने काही मोजक्या खुणा घट्ट धरून ठेवल्या. त्यांपैकी एक शब्बाथ. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. म्हणून शेजारच्या हिंदू गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले, 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली' आणि शनिवारी बंद ठेवणारे ते 'शनिवार तेली'. धर्मशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेल्या शेजाऱ्यांनी एका समाजाला त्याच्या विश्रांतीच्या दिवसावरून ओळखले! घाणा थांबला की घाण्याला जुंपलेला बैलही थांबतो. सिनायच्या आज्ञेतील बैलाला अलिबागच्या परिसरात दर शनिवारी विसावा मिळत होता.

मुंबईच्या गिरणीचा रविवार

आदिम ख्रिस्ती लोकांनी प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र येण्यास आरंभ केला. तो दिवस त्या काळी सर्वांच्या सुट्टीचा नव्हता. इसवी सन ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने न्यायालये, शहरवासी आणि कारागीर यांच्यासाठी रविवार विश्रांतीचा ठरवला. शेतकऱ्यांना मात्र त्याने काम करण्याची मुभा दिली. अशा रीतीने उपासनेचा दिवस आणि विश्रांतीचा दिवस हळूहळू एकत्र आले.

आपल्याकडे मुंबईत एकोणिसाव्या शतकात काय स्थिती होती? इंग्रज राज्यकर्ते ख्रिस्ती होते; सरकारी कचेऱ्या व न्यायालये रविवारी बंद असत. पण कापड गिरण्यांतील कामगारांना साप्ताहिक सुट्टीचा हक्क नव्हता. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. साहेबाला रविवार होता, कामगाराला नव्हता. 'तुझ्यासारखा' हा शब्द तेथे कोणाच्या कानी पडला नव्हता.

तो हक्क मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ मध्ये ठाणे येथे जन्मलेले लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते. गिरणीत नोकरी केल्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८० पासून ते 'दीनबंधू' या पत्राचे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. पगार ठरलेल्या तारखेच्या आत मिळावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले.

मुंबई व परिसरातील आपले आजोबा-पणजोबा गिरण्यांत, गोद्यांत, छापखान्यांत कामाला होते. रविवारी सकाळी ते मिस्साला जाऊ शकले, त्यामागे एका सत्यशोधकाची चळवळ होती, हे कृतज्ञतेने स्मरले पाहिजे. रविवार हा महाराष्ट्रात खंडोबाचा वार. त्या सुट्टीने जेजुरीच्या भक्तालाही मोकळीक दिली आणि मिस्साला जाणाऱ्या ख्रिस्ती कामगारालाही. निर्गमच्या यादीत वेशीतील परक्याचाही समावेश आहे, तो याच अर्थाने.

ख्रिस्तसभेची शिकवण

१८९१ हेच वर्ष ख्रिस्तसभेच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगाराला रविवारी विश्रांती मिळालीच पाहिजे आणि ही विश्रांती म्हणजे आळस किंवा चैन नव्हे, असे त्यांनी त्यात आग्रहाने मांडले. ३१ मे १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'दिएस दोमिनी' हे प्रेषितीय पत्र खास प्रभूच्या दिवसाविषयी लिहिले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात दासीच्या मुलाला व परक्याला विसावा देणाऱ्या निर्गमच्या त्याच वचनाचा आधार घेतला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेही लिओ तेरावे यांच्या सामाजिक शिकवणुकीचे स्मरण ठेवून.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात याविषयी एक अत्यंत व्यावहारिक नियम आहे. प्रभूचा दिवस पाळण्यात दुसऱ्याला अडथळा येईल अशी अनावश्यक कामे ख्रिस्ती माणसाने कोणाकडून मागू नयेत, असा त्याचा आशय आहे (परिच्छेद २१८७). शास्त्रींचा नियम आणि ख्रिस्तसभेचा नियम येथे एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

आपल्या दारी

आता आपल्या घराकडे वळू या. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार उद्योगांतील कामगारांना साप्ताहिक विश्रांती देण्याचे तत्त्व भारताने १९२३ मध्ये मान्य केले. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्यास परवानगी दिली. पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी देणे बंधनकारक केले. मात्र त्या कायद्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केल्या गेल्या. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई त्यांत बसत नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी व लाभ यांची तरतूद झाली. साप्ताहिक सुट्टी हा त्या कायद्याचा विषय नव्हता. जेथे कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो, तेथे आज्ञा आत येते.

आपण सहकुटुंब मिस्साला जातो, तेव्हा घरातील बाई कोठे असते? रविवारी पाहुणे येतात, मटण शिजते, भांडी नेहमीच्या दुप्पट पडतात. तिने एक दिवस दांडी मारली तर महिन्याअखेर खाडा धरला जातो. इमारतीच्या दारातील सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीत उभा असतो; आठवड्याची सुट्टी घेतली तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. दुचाकीवरून घरपोच जेवण आणणाऱ्या तरुणाची कमाई जितक्या फेऱ्या तितकीच. यांपैकी अनेक जण ख्रिस्ती नाहीत. पण आज्ञेने दासाचा धर्म विचारलेला नाही.

ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन जातात आणि पावसाळा येईपर्यंत तेथेच राबतात. विटांचा हिशेब उचलीतून वळता होतो. आपली नवी घरे, आपली सभागृहे, आपली प्रार्थनामंदिरे यांच्या भिंतींत अशाच विटा बसलेल्या असतात. निर्गमचा पाचवा अध्याय वाचताना आपण स्वतःला इस्राएली लोकांच्या बाजूला उभे करतो. त्या भट्टीवरच्या माणसाला आपण कोणत्या बाजूला दिसत असू?

आणखी एक व्यक्ती राहिली. ती म्हणजे घरची आई. शब्बाथच्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी आहेत. पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. आज्ञेतील 'तू' या शब्दात घरधनी आणि घरधनीण दोघेही येतात, असा त्याचा अर्थ भाष्यकार लावतात. आज्ञापालन करणाऱ्या यहुदी घरांत शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच स्वयंपाक उरकला जातो, कारण शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसतो. आपल्या घरांत मात्र रविवार हा आईच्या कष्टाचा सर्वांत मोठा दिवस असतो.

रुग्णालयातील परिचारिका, रेल्वेचा मोटरमन, पोलीस, अग्निशमन दलाचा जवान यांना रविवारी काम करावेच लागते. ते 'पिकुआख नेफेश'च्या जवळचे काम आहे. कोळी बांधवांना भरती-ओहोटी पाहावी लागते. त्यांच्यावर बोट ठेवण्यासाठी ही आज्ञा नाही. त्यांना दुसरा दिवस हक्काने मिळतो की नाही, हे पाहण्यासाठी ती आहे. हा प्रश्न आमच्या धर्मगुरुनिवासांना, मठांना, शाळांना आणि रुग्णालयांनाही लागू आहे. तेथील स्वयंपाकी, शिपाई, माळी आणि वाहनचालक यांची साप्ताहिक सुट्टी कागदावर लिहिलेली असावी आणि पाळली जावी.

करायचे काय, ते फार अवघड नाही. घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्यातील कोणता दिवस सोयीचा आहे, हे तिलाच विचारावे. तो रविवार असेल किंवा मंगळवार. दिवस तिने ठरवावा. त्या दिवसाचा खाडा धरला जाणार नाही, हे तिला आधीच स्पष्ट सांगावे. सहाव्या दिवशीच्या दुप्पट मान्नाचा अर्थ तोच आहे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांनी सुट्टीच्या दिवशी भ्रमणध्वनीवरून कामाचे निरोप पाठवू नयेत. रविवारचे जेवण साधे ठेवावे आणि मुलांनी व पुरुषांनी त्यात हात लावावा. आणि बाईच्या सुट्टीच्या दिवशी भांडी साचवून ठेवू नयेत. ती घरच्यांनीच घासावीत. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिला दोन दिवसांचे काम एकदम करावे लागेल आणि तिचा विसावा आपण दिलाही आणि परतही घेतला, असे होईल.